गुडघ्याची गादी फाटलीये, ऑपरेशन करून मोकळी होऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे. वय ५२, शाळेत शिक्षिका. सात-आठ महिन्यांपासून उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतोय. कुठे पडणं, मुरगळणं असं काही झालेलं नाही, हळूहळूच सुरू झालं. जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना जास्त त्रास होतो, कधीकधी चालता चालता गुडघा एकदम सोडून दिल्यासारखा वाटतो. एमआरआयमध्ये आतल्या बाजूच्या गादीला (दोन हाडांमधली मेनिस्कस) 'ग्रेड ३ टेअर' म्हणजे चीर, थोडी झीज आणि थोडं पाणी असं आलंय. एका सर्जननी दुर्बिणीतून छोटं ऑपरेशन सुचवलं आणि सुट्टीतली तारीखही दिली. दुसऱ्या डॉक्टरांनी तीन महिने नीट व्यायाम करा एवढंच सांगितलं. यजमान म्हणतात, फाटलेली गोष्ट व्यायामाने कशी शिवली जाणार? ताईंनी फिरणं बंद केलंय, वर्ग तळमजल्यावर मागून घेतलाय, वजन पाच-सहा किलोने वाढलंय. मोठ्या बहिणीचे दोन्ही गुडघे बदललेत, त्यामुळे आपणही त्याच वाटेवर आहोत ही धास्ती. त्या विचारतात, ऑपरेशन करून मोकळं व्हावं, की थांबलं तर फाटलेलं आणखी फाटत जाईल?

ताई,

सगळ्यात आधी एक सांगते, तुम्हाला या सुट्टीतच काहीतरी ठरवायचंय असं अजिबात नाहीये. तुम्ही जे लिहिलंय त्यात घाई करण्यासारखं काही मला दिसत नाही. गुडघा अडकून बसत नाहीये, पूर्ण सरळ होतोय, ताप नाही, कुठे पडला नाहीत. तारीख मिळाली की माणसाला वाटतं आता गाडी सुटेल, पण अशा गुडघ्याच्या बाबतीत तीन-चार महिने थांबल्याने ऑपरेशनची संधी हुकत नाही. म्हणून आधी जरा शांतपणे बघू या की तुमच्या पत्रात कोणकोणत्या गोष्टी गृहीत धरल्या गेल्यात, कारण माझ्या मते तुमचा निम्मा त्रास गुडघ्याचा आहे आणि निम्मा त्या रिपोर्टचा.

'ग्रेड ३' वाचून तुम्ही घाबरलात हे ओळींवरून कळतंय. तुम्ही लिहिलंय, "तिसऱ्या स्टेजला गेलंय म्हणजे आता पुढे काय राहिलं." ही स्टेज नाहीये ताई. एमआरआयमध्ये गादीच्या आत पांढरट रेघ दिसते, ती आतल्या आत असेल तर ग्रेड १ किंवा २ म्हणतात आणि ती गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेली दिसली की ग्रेड ३ म्हणतात, म्हणजे चीर आहे एवढंच. ती किती दुखेल, वाढेल का, सांधा किती दिवस टिकेल, यातलं काहीही हा आकडा सांगत नाही. आणि झिजेची जी ग्रेड असते, एक्स-रेवर शून्य ते चार, ती पूर्ण वेगळी मोजणी आहे. दोन्ही आकडे एकाच कागदावर येतात आणि लोक एकमेकांत मिसळतात, अगदी सुशिक्षित लोकसुद्धा, त्यात तुमची काही चूक नाही, कुणीतरी दोन मिनिटं बसून समजावायला हवं होतं.

आता पहिलं गृहीतक, 'गादी फाटलीये म्हणून दुखतंय'. ऐकायला सरळ वाटतं. पण अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआय करून तपासले होते, दुखतंय म्हणून आलेले पेशंट नव्हे तर गावातून सरसकट निवडलेली माणसं. २००८ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. त्यातल्या ३५ टक्के लोकांच्या गादीला चीर किंवा इजा होती, आणि ज्यांना चीर होती त्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्यात ना दुखणं होतं ना आखडणं. पन्नाशीतल्या बायकांचा आकडा १९ टक्के होता, म्हणजे तुमच्या वयाच्या पाचजणींना उभं केलं तर त्यातल्या साधारण एकीच्या गुडघ्यात हेच दिसेल आणि तिला बहुधा पत्ताही नसेल. तुमचं दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाहीये, ते खरंच आहे आणि सात महिने सहन केलंत तुम्ही. मी म्हणतेय की दुखण्याचं कारण ती चीरच आहे हे कुणीही त्या फोटोवरून खात्रीने सांगू शकत नाही. चीर कदाचित तुमच्या चाळिशीतच पडलेली असेल आणि गुडघा दुखायला लागला तो दुसऱ्याच कशाने, स्नायू कमजोर झाल्याने, एकदम ताण वाढल्याने, सांध्याच्या आवरणाला सूज आल्याने. तुमचं पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माझ्या दृष्टीने ते आहे, "कुठे पडणं, मुरगळणं असं काही झालेलं नाही." पंचविशीतल्या पोराची खेळताना पाय रुतून, शरीर वळून फाटलेली गादी आणि पन्नाशीत हळूहळू विरलेली गादी, नाव एकच पण प्रकरण वेगळं.

आता यजमानांचा प्रश्न, फाटलेलं व्यायामाने कसं शिवलं जाणार. प्रश्न अगदी रास्त आहे आणि उत्तर असं की नाही शिवलं जाणार. पण ताई, जे ऑपरेशन तुम्हाला सुचवलंय त्यातही बहुतेक ते शिवणार नाहीयेत! गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला नसतो, त्यामुळे या वयातली, विरलेल्या कापडासारखी चीर सहसा शिवण्याजोगी नसते. दुर्बिणीतून आत जाऊन फाटलेला भाग कापून काढतात आणि कडा साफ करतात. म्हणजे ऑपरेशननंतर गादी पूर्ववत होत नाही, होती त्यापेक्षा कमी होते. आणि गादीचं काम काय तर मांडीच्या हाडाचा भार पसरवून खालच्या हाडावर देणं, ती कमी झाली की तेवढाच भार थोड्या जागेवर येतो. गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे पुढे बदलतात हे फेअरबँक नावाच्या सर्जननी १९४८ मध्येच लिहून ठेवलंय. तेव्हा अख्खी गादी काढायचे, आता थोडीच काढतात, पण तत्त्व तेच. हा प्रश्न सर्जनना सरळ विचारा, "शिवणार आहात की कापणार आहात?" चांगले सर्जन याचं उत्तर सरळ देतात.

आणि कापून बरं वाटतं का? याची फार प्रामाणिक परीक्षा फिनलंडमध्ये झाली, ती मला तुम्हाला नीट सांगायचीये. १४६ पेशंट, वय ३५ ते ६५, सगळ्यांच्या आतल्या गादीला तुमच्यासारखीच हळूहळू झालेली चीर. सगळ्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, दुर्बीण आत घातली, आणि मग एक बंद पाकीट उघडलं. निम्म्यांच्या पाकिटात 'कापा' होतं, निम्म्यांच्या पाकिटात 'कापू नका'. ज्यांचं कापायचं नव्हतं त्यांच्या बाबतीतही सर्जननी सगळी हत्यारं मागितली, पाय तसाच हलवला, पातं काढलेलं यंत्र बाहेरून वाटीवर दाबून चालवलं, म्हणजे आवाज आणि धक्केसुद्धा तेच. थिएटरमधल्या लोकांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं कुणाचं काय झालंय. वर्षाने बघितलं तर दोन्ही गटांना चांगलाच फरक पडला होता आणि दोन्ही गटांत फरक जवळपास सारखाच होता. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. पाच वर्षांनी परत बघितलं तेव्हाही दुखण्यात फरक नव्हता, आणि एक्स-रेवरची झीज कापलेल्यांची कमी तर नव्हतीच, थोडी जास्तच होती. त्याच्याही आधी, २००२ मध्ये, अमेरिकेत १८० जणांवर झिजलेल्या गुडघ्याच्या दुर्बिणीच्या सफाईची अशीच परीक्षा झाली होती, तिथेही खोट्या ऑपरेशनपेक्षा खरं वरचढ ठरलं नाही. या सगळ्यावरून २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने स्पष्ट शिफारस केली की झिजेच्या गुडघ्यांत, गादीला चीर असली तरीही, जवळपास कुणालाच हे ऑपरेशन करू नये.

तुम्ही म्हणाल की मग ओळखीतल्या अमुक बाईंना ऑपरेशननंतर इतकं बरं कसं वाटलं. वाटलं असेलच, मी त्यांना खोटं ठरवत नाही. वर सांगितलं ना, दोन्ही गटांना बरं वाटलं होतं. असं दुखणं वर-खाली होतच असतं, माणूस ऑपरेशनला तयार होतो तो ते सगळ्यात वाईट असताना, त्यामुळे नंतर ते आपसूकही उतरतं, त्यात ऑपरेशन झालं की माणूस व्यायाम मनापासून करतो, काळजी मिटते, घरचे मदत करतात. या सगळ्याचं श्रेय मग त्या छोट्या कात्रीला जातं. आणि सर्जन तुम्हाला फसवतायत असंही मनात आणू नका, बरेच जण अनेक वर्षं हेच करत आलेत आणि पेशंट बरे होताना त्यांनीही डोळ्यांनी बघितलेत.

थांबण्याची भीती वाटतेय त्याबद्दलही एक सांगते. अमेरिकेत ३५१ पेशंटांची तुलना झाली, ४५ च्या पुढचे, चीर आणि झीज दोन्ही असलेले. निम्म्यांना ऑपरेशन आणि व्यायाम, निम्म्यांना आधी नुसता व्यायाम. सहा महिन्यांनी दोन्ही गट कामकाजात सारखेच होते. मात्र व्यायामाच्या गटातल्या ३० टक्के लोकांनी या सहा महिन्यांत ऑपरेशनच निवडलं, त्यांना पुरेसा आराम पडला नव्हता. हे मी लपवत नाही, व्यायाम सगळ्यांना पुरतो असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. पण त्या उशिरा ऑपरेशन झालेल्यांची वर्षाअखेरची तब्येत आधीच ऑपरेशन झालेल्यांसारखीच होती. म्हणजे आधी व्यायाम करून बघण्यात तुमचं काही जात नाही, झालं तर ऑपरेशन टळेल.

आता दुसरं गृहीतक, आणि हे मला पहिल्यापेक्षा जास्त घातक वाटतं. 'दुखतंय म्हणजे झिजतंय, म्हणून गुडघा जपून वापरायचा.' लोक म्हणतात वंगण संपलंय, आता जितकं कमी चालू तितकं बरं. खरं तर उलट आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला रक्तवाहिन्या नसतात, तिला खाणं मिळतं सांध्यातल्या पाण्यातून, आणि ते पाणी आत-बाहेर होतं भार पडला आणि सुटला की. म्हणजे चालणं, उठणं, बसणं हीच त्या सांध्याची खानावळ. तुम्ही सात महिने ती बंद ठेवलीत. त्यात गुडघ्यात जराही पाणी झालं की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला आपोआप ढिला सोडतो, आपण कितीही ठरवलं तरी तो पूर्ण ताकदीने आवळत नाही. तुम्हाला चालता चालता गुडघा 'सोडून दिल्यासारखा' वाटतो ना, तो बहुतेक वेळा या ढिल्या पडलेल्या स्नायूमुळे, आत काही सुटलंय म्हणून नाही. मग भीती वाटते, मग आणखी कमी चालणं, मग स्नायू आणखी बारीक. आरशासमोर उभ्या राहून दोन्ही मांड्या आवळून बघा, वाटीच्या वर आतल्या बाजूला जो उंचवटा येतो तो उजवीकडे कमी दिसेल अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

तेव्हा व्यायाम. 'व्यायाम करा' एवढं सांगून पेशंटला घरी पाठवणं याचा मला मनापासून राग येतो, कारण मग लोक चार दिवस पाय हलवतात आणि म्हणतात व्यायाम करून बघितला, उपयोग नाही. औषधाचा डोस असतो तसा याचाही असतो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघ्यासाठी एक कार्यक्रम चालतो, त्यात पेशंटला आधी आजार समजावून सांगतात आणि मग फिजिओच्या देखरेखीत १२ वेळा व्यायाम करून घेतात, आठवड्यातून दोनदा, हळूहळू अवघड करत. आता तो इतर देशांतही चालतो. तुम्ही जवळचा चांगला फिजिओ गाठा, मशीन लावून शेक देऊन झोपवून ठेवणारा नको, घाम काढणारा हवा.

एक व्यायाम मी इथेच नीट सांगते, कारण तो एकटाच सात-आठ आणे काम करतो. खुर्चीवरून उठणं आणि बसणं. टणक बैठकीची खुर्ची घ्या, भिंतीला टेकवून ठेवा. पुढे सरकून बसा, पावलं खांद्याएवढ्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या जरा मागे. आता खाली बघा. ज्यांचा गुडघा दुखतो त्यांचा तो पाय नकळत पुढे सरकवलेला असतो, म्हणजे उठताना सगळा भार चांगल्या पायावर. वर्षानुवर्षं असं उठतात आणि म्हणतात मी तर दिवसभर उठबस करते, आणखी काय व्यायाम. दोन्ही पावलं एका रेषेत आणा. हात छातीवर, अंग पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत, आणि उठा. मग बसताना धपकन नाही, चार आकडे मोजत हळू. गुडघे आत एकमेकांकडे पडू देऊ नका. आठ ते दहा वेळा, थोडं थांबून परत, असं तीनदा, आठवड्यातून तीन दिवस. जमत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, सोपं वाटायला लागलं की उशी काढा, मग दुखरा पाय मुद्दाम जरा मागे घ्या, मग हातात वजन घ्या. शेवटच्या दोन-तीन वेळा जोर लावावा लागला पाहिजे, नाहीतर ते नुसतं हलणं झालं. याच्या जोडीला पायरीवर चढणं-उतरणं, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं म्हणजे कमरेच्या बाजूचा स्नायू, आणि टाचा उचलणं, एवढं बास.

दुखेल का? दुखेल थोडं, आणि इथेच सगळे सोडून देतात. एक सोपा नियम लक्षात ठेवा. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना पाचपर्यंत दुखलेलं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते रोजच्या पातळीवर उतरलं पाहिजे आणि सूज वाढलेली नसावी. उतरलं नाही तर पुढच्या वेळी डोस कमी करा, बंद करू नका. पहिले दोन-तीन आठवडे तर फरकच पडत नाही असं वाटेल. स्नायूत ताकद यायला सहा ते आठ आठवडे जातातच. मध्येच एखादा आठवडा खूप दुखेल, तेव्हा वाईट काहीतरी फाटलं असं मनात येईल, बहुतेक वेळा तसं नसतं, त्या आठवड्यात निम्मं करायचं आणि परत चढायचं.

चालणं उद्यापासून सुरू करा, दहा मिनिटं, सपाट जागी, दर आठवड्याला थोडं वाढवत. लांब जायचं असेल तेव्हा काठी घ्यायला लाजू नका, पण ती डाव्या हातात धरायची, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला, बहुतेक लोक चुकीच्या हातात धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी आणि कठडा. हे फक्त दुखणं जोरात असेल तेव्हाचं, कायमचं नाही, पुढे एकाआड एक पाय टाकूनच चढायचंय. वजनाचं मी तुम्हाला ओरडून सांगणार नाही, फिरणं बंद झाल्यावर कुणाचंही वाढतं. फक्त एवढं जाणून घ्या की एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, त्यामुळे वाढलेले पाच-सहा किलो उतरले तरी गुडघ्याला ते नीट कळेल.

औषधांचं थोडक्यात. दुखऱ्या जागी चोळायचं सूज कमी करणारं जेल आधी वापरून बघा, गुडघा वरवरचा सांधा असल्याने ते पोचतं आणि पोटाला, किडनीला गोळ्यांएवढा त्रास नसतो. गोळ्या लागल्याच तर थोडे दिवस आणि डॉक्टरांना विचारून, बीपी, ॲसिडिटी, किडनी यातलं काही असेल तर नक्कीच विचारून. ग्लुकोसामाइनची शिफारस ब्रिटनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं करत नाहीत. स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, खूप सुजलेल्या गुडघ्यात व्यायाम सुरू करता यावा म्हणून एकदा घेतलं तर ठीक, पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं देऊन बघितलं तेव्हा दुखण्यात मिठाच्या पाण्याच्या खोट्या इंजेक्शनपेक्षा जास्त फरक नव्हता आणि कूर्चा मात्र जास्त पातळ झाली, हे २०१७ चं संशोधन आहे. आपलंच रक्त फिरवून देतात त्या पीआरपी इंजेक्शनची २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर मिठाच्या पाण्याशी तुलना झाली, वर्षाअखेर दुखण्यात फरक आढळला नाही. पैसे त्यात घालण्यापेक्षा फिजिओच्या सेशन्सना घाला असं माझं स्पष्ट मत.

बहिणीबद्दल. झीज घराण्यात थोडी चालते हे खरं, पण दोन बहिणींचे गुडघे एकाच वाटेने जातात असं काही नसतं, आणि झिजलेला प्रत्येक गुडघा बदलावा लागत नाही, अनेकांचा वर्षानुवर्षं तिथेच थांबतो. आणि समजा पंधरा-वीस वर्षांनी खरंच बदलायची वेळ आली तर? ते काही आयुष्य संपल्याचं लक्षण नाही. मोठ्या नोंदींवरून असं दिसतं की बदललेल्या पूर्ण गुडघ्यांपैकी साधारण ८२ टक्के २५ वर्षांनंतरही चालू असतात. आज केलेला व्यायाम तेव्हाही वाया जात नाही, ज्यांच्या मांड्या आधीपासून मजबूत त्या लवकर उभ्या राहतात. तुमच्या मोठ्या बहिणीला विचारा, तीही हेच सांगेल कदाचित.

तुमच्या पत्रासारखीच बरीच पत्रं खांदा, कंबर यांची येतात म्हणून त्यांनाही इथेच दोन ओळी. कमरेच्या एमआरआयमध्ये 'डिस्क डिजनरेशन' लिहून आलं म्हणून हबकू नका, काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांतही ३७ टक्क्यांना ती दिसते आणि ऐंशीच्या लोकांत ९६ टक्क्यांना. खांद्यात हाड घासतंय म्हणून दुर्बिणीतून जागा मोकळी करायचं ऑपरेशन सुचवलं असेल तर तेही ब्रिटनमध्ये खोट्या ऑपरेशनशी ताडून बघितलंय, २०१८ मध्ये, आणि खास फायदा दिसला नाही, खांद्यालाही आधी काही महिने ताकदीचा व्यायाम. घोटा मुरगळला तर दोन-तीन दिवसांपलीकडे पूर्ण आराम नको, सोसेल तेवढा भार द्यायला लागा. आणि खेळताना एसीएल (गुडघ्याच्या आतला, सांधा स्थिर ठेवणारा लिगामेंट) तुटलेल्या तरुण पोरांनो, तुमचं प्रकरण वेगळं असलं तरी तिथेही स्वीडनमध्ये १२१ जणांना निम्मं-निम्मं विभागून बघितलं, एका गटाला लगेच ऑपरेशन आणि दुसऱ्याला आधी व्यायाम, लागलं तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं आणि दोन्ही गट सारखेच होते. ज्यांना परत वळणा-उडीचा खेळ खेळायचाय आणि व्यायामानंतरही गुडघा निसटतो त्यांनी जरूर करावं.

आता कुठे थांबायचं नाही ते. गुडघा अर्ध्यात अडकला आणि काही केल्या सरळ होईना तर गादीचा तुकडा मध्ये आला असू शकतो, तिथे सर्जनकडे लवकर जायचं, व्यायाम करत बसायचं नाही. उठता-वळताना मागच्या बाजूला 'टक्' झालं आणि त्या क्षणापासून टोचून दुखायला लागलं तर गादीचं मूळ, म्हणजे ती हाडाला जिथे चिकटलेली असते ती जागा, सुटलं असू शकतं, ते वेळेत शिवता येतं, म्हणून तेही दाखवायचं. गुडघा लाल, गरम, फुगलेला आणि अंगात ताप, तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र काढायची नाही. पडल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे. पोटरी सुजून दुखायला लागली, त्यात दम लागला, तर तातडीने. सकाळी तासभर सांधे आखडतात, हाताची बोटंही सुजतात, तर हे संधिवाताच्या तज्ज्ञांचं काम आहे, गादीचं नाही. आणि एक सोपी तपासणी बरेचदा राहून जाते, खुब्याचा सांधा बिघडला तरी दुखणं गुडघ्यात जाणवतं, त्यामुळे डॉक्टरांना खुबाही फिरवून बघायला सांगा.

सर्जनना फोन करून तारीख पुढे ढकला, रद्द करतेय म्हणायचीही गरज नाही, "आधी बारा आठवडे देखरेखीत व्यायाम करून बघते, तोवर वाईट काही झालं तर लगेच येते" असं सांगा. सुरू करायच्या दिवशी एक मोजणी करून ठेवा, हात न टेकता ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता, आणि जिना उतरताना दुखणं दहापैकी किती. बारा आठवड्यांनी परत मोजा. आकडे हलले असतील तर तेच चालू ठेवा आणि वरच्या मजल्यावरचा वर्ग परत मागून घ्या. नीट, डोस वाढवत करूनही काहीच हललं नसेल तर हे दोन्ही आकडे घेऊन त्याच सर्जनकडे जा, तेव्हाची चर्चा आजच्यापेक्षा खूप वेगळी आणि तुमच्या हातातली असेल.